सारखा बंद पडणारा पीसी : लग्नपत्रिकेच्या दुकानातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव, एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यांमधलं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे बॅनर, शाळांची प्रमाणपत्रं, मधल्या वेळात झेरॉक्स. नाव-गाव मुद्दाम देत नाही, मालक लिहायला हो म्हणले पण दुकान ओळखू येऊ नये एवढीच त्यांची अट. मालकांना सगळे काकाच म्हणतात, मीही. डिझाइनचं सगळं काम त्यांची पुतणी बघते, तिला इथं ताई म्हणतो.

मशीन एकच. रायझन ५ ३४००जी प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, विंडोज १० साठी २४० जीबीची साटा एसएसडी आणि कामाच्या फाइल्ससाठी १ टीबीची हार्डडिस्क. सुरुवातीला ८ जीबी रॅम होती, फोटोशॉप आणि कोरल एकदम उघडलं की मशीन रडायचं म्हणून गेल्या पावसाळ्यात अजून ८ जीबीची स्टिक टाकून घेतली, दुसऱ्या कंपनीची, जी दुकानात मिळाली ती. रॅम बसवणाऱ्याने जाता जाता "स्पीडपण वाढवून दिलाय" असं सांगितलं होतं, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला बोलावलं तेव्हा तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, म्हणजे लग्नसराई सुरू. त्याच्या आधी दोन ठिकाणचे लोक येऊन गेले होते. एकाने फॉरमॅट मारलं, दुसऱ्याने नवीन एसएमपीएस (पीसीच्या आतला पॉवर सप्लायचा डबा) बसवला आणि रॅम चेक केली म्हणाला, ओके आहे. त्रास तसाच.

नेमका त्रास काय

काकांची तक्रार एका शब्दाची: "बंद पडतो." कधी? "कधीपण." आता या "कधीपण" वर कोणी काय रिपेअर करणार. पण गिऱ्हाईक असंच सांगतं, त्यांचं काम तक्रार करायचं, ती सोडवून बघायचं काम आपलं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर बॅगेतच ठेवला आणि ताईंशी बोलत बसलो, कारण दिवसभर मशीनसमोर त्या असतात, काका गल्ल्यावर असतात.

ताईंनी सांगितलं त्यातून तीन गोष्टी निघाल्या. एक, कधी निळी स्क्रीन येते, त्यावर काहीतरी इंग्रजी, वाचेपर्यंत रिस्टार्ट होतं. दोन, कधी काहीच येत नाही, एकदम अंधार आणि परत चालू. तिसरी गोष्ट त्यांनी सहज, तक्रार म्हणून नाही, बोलता बोलता सांगितली की काही फाइल्स सेव्ह होतात पण दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत, कोरल म्हणतं फाइल खराब आहे, आणि पेनड्राइव्हवरच्या झिप फाइल्स उघडताना पण कधी कधी एरर येतो, परत केलं की होतं.

खरं सांगतो, मशीन रिस्टार्ट होतं हा वैताग असतो, पण सेव्ह केलेली फाइल खराब निघते ही भीती वाटायची गोष्ट आहे. कारण बंद पडलेलं मशीन निदान दिसतं तरी.

मग मी विचारलं, अंधार होतो तेव्हा मॉनिटरचा छोटा दिवा चालू राहतो का? ताई विचार करून म्हणल्या, "नाही दादा, तोपण जातो. नंतर मॉनिटर कंपनीचं नाव दाखवत चालू होतो."

इथंच अर्धी केस सुटली असं म्हणायला हरकत नाही. पीसीचा एसएमपीएस खराब असता तर पीसी मेला असता, मॉनिटरला स्वतःची वायर असते, तो "नो सिग्नल" दाखवत जिवंत राहिला असता. दोघं एकदम जातात म्हणजे दोघांना जिथून करंट मिळतो तिथं गडबड. म्हणजे नवीन एसएमपीएसचे पैसे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी या खात्यात गेले.

समोर काय पर्याय होते

काकांचा पर्याय ठरलेला होता. "फॉरमॅट मारून टाक ना रे, काय एवढं बघत बसतोस." फॉरमॅटला मी नाही म्हणलं, त्याला कारणं होती. एक तर आधीच मारून झालेलं होतं आणि फरक शून्य. दुसरं, मराठी फाँटचं सॉफ्टवेअर डाँगलवर (पीसीला लावायच्या चावीवर) चालतं, जुनं कोरल, त्याचे सिरीयल नंबर कुठल्यातरी डायरीत, हे सगळं परत बसवायला सीझनमध्ये अख्खा दिवस जातो. आणि तिसरं, रॅम जर खराब असेल (फाइल्सवरून मला तोच वास येत होता) तर विंडोज बसवताना कॉपी होणाऱ्या फाइल्ससुद्धा त्याच रॅममधून जातात, म्हणजे नवीन विंडोज पहिल्या दिवसापासूनच किडकं.

दुसरा पर्याय, नवीन मशीन. काका तयार पण होते, चाळीस-पन्नास हजार. पण मॉनिटरचा दिवा जातो म्हटल्यावर नवीन मशीनसुद्धा त्याच विजेच्या बोर्डावर तसंच बंद पडलं असतं, आणि मग शिव्या मला.

तिसरा, पार्ट बदलत जायचं, जे लागेल ते लागेल. बरेच जण हेच करतात आणि त्यांना दोष देत नाही, दुकानात पार्ट पडलेले असले की हे स्वस्त पडतं. पण इथं दोन वेगळी लक्षणं होती. एक पार्ट बदलला आणि एकच लक्षण गेलं तर गिऱ्हाईक म्हणणार काही उपयोग नाही, आणि आपण बरोबर असलेला उपाय पण काढून टाकणार.

चौथा पर्याय निवडला. दिवसा काम चालू ठेवायचं, रात्री टेस्ट, आणि एका वेळी एकच बदल. काकांना दोन रात्री मागितल्या. कुरकुरले, पण दिले.

काय काय केलं

पहिला निर्णय बॅकअपचा, आणि तो वाटतो तेवढा सोपा नव्हता. नेहमी आपण त्याच मशीनला बाहेरची हार्डडिस्क लावून कॉपी मारतो. इथं तसं केलं असतं तर कॉपी पण संशयित रॅममधूनच गेली असती, म्हणजे चांगल्या फाइलची खराब कॉपी व्हायची शक्यता. म्हणून एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही काढल्या, माझ्या मशीनला लावून तिथं क्लोन केल्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन्ही डिस्क ठीक दिसल्या, रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, फक्त हार्डडिस्कला सीआरसी एररचा (डेटा येता-जाता बिघडल्याचा) आकडा थोडा वाढलेला. तो आकडा बहुतेक वेळा केबलचा असतो, डिस्कचा नाही, म्हणून साटा केबल बदलून टाकली आणि आकडा लिहून ठेवला, पुढे वाढतो का बघायला. तो आकडा कमी कधीच होत नाही, त्यामुळे नंतर बघून घाबरू नका.

मग लॉग, म्हणजे विंडोजने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी. इव्हेंट व्ह्यूअर उघडला की कर्नल-पॉवर ४१ ची लाल रांग दिसते आणि लोक तिथंच थांबतात, "पॉवरचा प्रॉब्लेम आहे, एसएमपीएस बदला." दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने बहुतेक हेच केलं असावं. पण ४१ चा अर्थ एवढाच की आधीच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. निळी स्क्रीन आली तरी ४१ येतो, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं तरी ४१ येतो. डिटेल्समध्ये जाऊन बगचेककोड बघायचा. तिथं आकडा असेल तर निळी स्क्रीन झाली होती, त्याच्या जोडीला १००१ ची नोंद पण सापडते. तिथं ० असेल तर विंडोजला मरताना काही लिहायला वेळच मिळाला नाही, करंट गेला किंवा मशीन पूर्ण गोठलं. अजून एक, ४१ ची वेळ ही परत चालू झाल्याची वेळ असते, बंद पडल्याची नाही. बंद पडल्याची वेळ ६००८ च्या नोंदीत आतल्या वाक्यात लिहिलेली असते.

कागदावर दोन रकाने पाडले. एका बाजूला कोड असलेले, दुसऱ्या बाजूला शून्यवाले. बघता बघता चित्र वेगळं झालं. कोडवाले दिवसभर कधीही, आणि प्रत्येक वेळी वेगळा कोड, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल, कधी पेज फॉल्ट. मिनिडंप (निळ्या स्क्रीनच्या वेळी विंडोज लिहून ठेवतं त्या छोट्या फाइल्स) उघडले तर दोषी म्हणून दर वेळी नवीन नाव, एकदा ग्राफिकचा ड्रायव्हर, एकदा नेटवर्कचा, एकदा विंडोजचीच फाइल. एकच ड्रायव्हर सारखा दिसला असता तर मी त्याच्या मागे लागलो असतो. रोज नवा चोर सापडतोय म्हणजे चोर खाली बसलाय, रॅम नाहीतर प्रोसेसर नाहीतर सेटिंग.

शून्यवाल्यांच्या वेळा ताईंना दाखवल्या. त्यांनी व्हॉट्सअॅप काढलं, कारण बंद पडलं की त्या काकांना "परत गेला" असा मेसेज टाकतात, आणि मेसेज वर सरकवत म्हणल्या की यातले बरेचसे सकाळचे पहिले प्रिंट नाहीतर जेवणानंतरचे आहेत.

दुसरा निर्णय: आधी कुठलं? आधी रॅम घेतली. रिस्टार्टने काम अडतं, पण रॅमने फाइली सडतात, आणि रात्र रिकामी होती.

कॅबिनेट उघडलं तर दोन्ही स्टिक शेजारी शेजारी, प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत. चार खाचांच्या या बोर्डवर दोन स्टिक असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, बोर्डच्या पुस्तकात चित्र असतं, पुस्तक डब्यातच होतं, प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नाही. शेजारी बसवल्याने दोन्ही एकाच चॅनलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या एकाच रस्त्यावर) आल्या होत्या. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) गेलो तर एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने पळवायचं सेटिंग, चालू, स्पीड ३२००. जुनी स्टिक ३२०० ची आहे, ठीक, पण नवीन स्टिकच्या स्टिकरवर स्वच्छ २६६६ लिहिलंय. आणि ३४००जी हा प्रोसेसर अधिकृतपणे २९३३ पर्यंतच रॅम चालवतो, त्यापुढचं चाललं तर नशीब. म्हणजे "स्पीडपण वाढवून दिलाय" चा अर्थ हा होता, २६६६ च्या स्टिकला ३२०० ने पळवत होते, तेपण चुकीच्या खाचेत.

लगेच सगळं नीट करून टाकायचा मोह होतो. पण तसंच ठेवून आधी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावला, पेनड्राइव्हवरून बूट करून, कारण आजार आहे हे दिसल्याशिवाय बरा झाला हे कळणार कसं. पहिला पास (टेस्टची एक फेरी) संपायच्या आतच लाल ओळी यायला लागल्या. त्या ओळीत काय लिहायला सांगितलं होतं आणि काय परत आलं ते शेजारी शेजारी दाखवतात, आठ अक्षरांच्या आकड्यात फक्त एक अक्षर वेगळं, बाकी सगळं सारखं. एवढ्याशा फरकाने कोरलची फाइल जाते. कोरल एक्स४ पासून सीडीआर ही आतून झिपच असते, झिपमधला एक बिट हलला की तपासणीची बेरीज जुळत नाही आणि उघडताना नकार. ताईंच्या दोन्ही तक्रारी, खराब सीडीआर आणि झिपचा एरर, एकाच जागेवरून येत होत्या.

आधीच्या माणसाने रॅम तपासली होती ती विंडोजच्या आतल्या टूलने, साधी टेस्ट, पंधरा-वीस मिनिटांत "काही सापडलं नाही". त्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्या टूलने एरर दाखवला तर विश्वास ठेवायचा, नाही दाखवला तर त्यावरून काही ठरवायचं नाही एवढंच.

मग एकेक बदल. एक्सएमपीवर जुनी स्टिक एकटी, पास. नवीन एकटी, तशीच ३२०० वर, लाल. नवीन एकटी, एक्सएमपी बंद, पास. दोन्ही योग्य खाचेत, एक्सएमपी बंद, बोर्डाने दोघींना २४०० वर घेतलं, रात्रभर चारही पास झाले, एकही ओळ लाल नाही.

आता तिसरा निर्णय: नवीन स्टिक फेकायची का? वॉरंटीत देता आली नसती, कारण स्वतःच्या स्पीडला ती चांगली चालते, चुकीचं ती नाही, सेटिंग. २४०० वर ठेवलं तर ३४००जी चं आतलं ग्राफिक थोडं मंद होतं, कारण त्याला वेगळी मेमरी नसते, ते हीच रॅम वापरतं. गेम खेळायचे असते तर जोडी बदलायला सांगितली असती. पत्रिकेवरच्या गणपतीला एवढा स्पीड पुरतो. २४०० वर सोडलं. शिवाय दोन्ही चॅनल चालू झाल्यामुळे आधीपेक्षा काही गेलंय असं ताईंना जाणवलंही नाही.

रॅम पक्की झाल्यावरच विंडोजला हात लावला. आधी डिझमचं रिस्टोअर हेल्थ, मग एसएफसी, दोन्ही विंडोजच्या खराब फाइल्स शोधून दुरुस्त करणाऱ्या कमांड. खराब फाइल्स निघाल्या, दुरुस्त झाल्या, परत चालवलं तर स्वच्छ. हे रॅमच्या आधी केलं असतं तर दुरुस्त करतानाच नवीन घाण लागली असती.

राहिला अंधार. टेबलाखाली वाकून बघितलं. ६०० व्हीएचा यूपीएस, साधारण ३६० वॅटचा, त्यावर पीसी, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर. लेझर प्रिंटरमध्ये फ्यूजर म्हणून हीटर असतो, कागदावर पावडर वितळवून चिकटवायला. प्रिंटर झोपेतून उठला की थंड फ्यूजर तापवायला तो एकदम काही शे वॅट ओढतो, यूपीएसच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं की लेझर प्रिंटर यावर लावू नका. सकाळचा पहिला प्रिंट आणि जेवणानंतरचा प्रिंट, दोन्ही वेळा प्रिंटर थंड. जुळलं.

प्रिंटर झोपू दिला, मग ताईंना एक पान सोडायला सांगितलं आणि कान यूपीएसकडे. वरची ट्यूब फडफडली, यूपीएसमधून रिलेचा टक् असा आवाज, आणि मॉनिटर-पीसी दोन्ही काळे. काका गल्ल्यावरून ओरडले, "बघ, गेला का नाही!" पहिल्यांदाच मला बंद पडल्याचा आनंद झाला.

प्रिंटर वेगळ्या सॉकेटवर, थेट भिंतीला. परत तसंच केलं, ट्यूब फडफडली, टक् झालं, पण पीसी... परत गेला. इथं जरा डोकं खाजवलं. प्रिंटर आता यूपीएसवर नाही मग का? कारण वायरिंग जुनं, बोर्डापासून एकच बारीक वायर सगळ्या सॉकेटना फिरवलेली, प्रिंटर उठला की दुकानाचंच व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, यूपीएस बॅटरीवर जायला बघतो, आणि बॅटरी मेलेली. उघडली तर १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली, काढताना अडकली. नुसतं मोजलं तर मीटर बारा दाखवतो, लोड दिला की साडेदहाच्या खाली. लाइट गेल्यावर पीसी लगेच बंद व्हायचा, पण दुकानात सगळ्यांना वाटायचं की छोटा यूपीएस म्हणजे एवढंच चालणार.

नवीन बॅटरी, हजाराच्या आतबाहेर. प्रिंटर थेट भिंतीला. परत टेस्ट, ट्यूब फडफडली, टक् झालं, पीसी चालू.

अर्थिंगचं एक राहिलं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात असं ताईंनी मधेच सांगितलं होतं आणि काकांनी "ते होतंच" म्हणून उडवून लावलं होतं. मीटर लावला, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ मात्र भलतंच काहीतरी, आकडा एका जागी थांबेना. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या पिनला वायरच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात, अर्थ नसली की कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज तरंगतं, त्याच मुंग्या. अंधार होण्याशी याचा संबंध होता का? मला तरी तसं काही दिसलं नाही. पण ते आहे तसं सोडायची गोष्ट नव्हे, वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या असं कागदावर लिहून दिलं, आणि बोर्डापासून प्रिंटरला वेगळी जाड वायर ओढायलाही. हे काम माझं नाही, त्याचं.

निकाल

लग्नसराई निघाली. नंतर एकदा फोन आला, "गेला परत." लॉग मागवला, ४१, कोड ०, वेळ सकाळी दुकान उघडायची. फोनवर उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा ताईंना विचारलं तेव्हा काय चाललं होतं, तर झाडू मारणाऱ्या पोराने प्लग ओढला होता. त्याला लॉग तरी काय करणार.

निळी स्क्रीन परत नाही. सीआरसीचा आकडा आहे तिथंच आहे. अर्थिंग झालं, वेगळी वायर मात्र "उन्हाळ्यात बघू" वर आहे, ट्यूब अजून फडफडते.

खर्च म्हणाल तर बॅटरी, एक साटा केबल आणि माझी मजुरी. आधी गेलेले एसएमपीएसचे आणि फॉरमॅटचे पैसे काकांनी मला हिशोबात धरून दाखवले, जणू मीच घेतले होते.

वेगळं काय करता आलं असतं

मॉनिटरचा दिवा कळल्यावर पहिल्याच दुपारी, अर्थिंग आधी बघून घेऊन, पीसी यूपीएस सोडून थेट भिंतीला लावून बघता आला असता, पाच मिनिटांचं काम, आणि अंधार त्याच दिवशी थांबला असता. मी रॅम आधी घेतली ती फाइल्सच्या भीतीने, आणि त्या क्रमावर मी ठाम आहे, पण दोन्ही समांतर चाललं असतं.

रॅम वाढवताना बसवणाऱ्याने रात्रभर टेस्ट लावावी ही अपेक्षा तालुक्याच्या बाजारात जरा जास्तच आहे, पण स्टिकरवरचा आकडा वाचायला रात्र लागत नाही. आणि दुकानदारांसाठी, नवीन पार्ट टाकल्याची तारीख कुठंतरी लिहून ठेवा. ताईंना रॅम कधी टाकली ते आठवत नव्हतं, बिलावरून कळलं, आणि पहिली खराब फाइल त्याच्या पुढच्याच आठवड्यातली निघाली. ते बिल पहिल्या माणसाने मागितलं असतं तर फॉरमॅटची वेळ आली नसती.

खरा तोटा झाला तो बॅकअपमध्ये. काका दर रविवारी बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करायचे, जुन्यावर नवीन, त्यामुळे चांगल्या फाइल्सवर खराब फाइल्स चढत गेल्या. त्या काळातल्या सगळ्या फाइल्स उघडून बघितल्या तेव्हा दहा-बारा गेलेल्या निघाल्या. काही सीडीआरना झिप असं नाव देऊन उघडलं तर आतलं छोटं चित्र तरी सापडलं, त्यावरून ताईंनी पत्रिका परत लावल्या. आता दोन हार्डडिस्क आहेत, एक रविवार हिच्यावर, दुसरा तिच्यावर. एका शाळेच्या प्रमाणपत्राची फाइल काही केल्या उघडली नाही, ती शाळा मार्च-एप्रिलमध्ये मागायला येईल तेव्हा बघू असं ताई म्हणतात.